हूंशेठच्या पोटातला खिळा

हूंशेठचं खरं नाव रस्त्यावर कुणालाच आठवत नसे. सोफ्यांच्या आणि खुर्च्यांच्या गाद्या भरायचं त्यांचं दुकान. सकाळी शटर वर गेलं की ते मूठभर बारीक निळे खिळे तोंडात टाकत, आणि दुपारच्या जेवणापर्यंत ते तोंड त्या खिळ्यांचं. जिभेने एक खिळा फिरवायचा. त्याचं डोकं ओठांतून बाहेर काढायचं. चुंबक बसवलेल्या हातोडीने तो ओठांवरून टिपायचा, कापड ताणायचं आणि ठोकायचा. एक हात कापडाला लागतो, एक हातोडीला. खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

अशा तोंडाने माणूस बोलणार काय? गिऱ्हाईक विचारी, "शनिवारी मिळेल ना?" उत्तर यायचं, "हूं." "रंग उडणार नाही ना?" "हूं." "मागच्या वेळीही हूंच म्हणाला होतात, आणि उडाला." "हूं." त्यांच्या बायकोला सगळा रस्ता काकू म्हणे. काकूंना प्रत्येक हूं वेगळा ओळखू येत असे. त्या म्हणायच्या, "लग्नात मला वाटलं, मुलगा शांत आहे. पुढे कळलं, तोंड भरलेलं आहे."

दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात सुतार बसायचा. लाकडी सांगाडे त्याचे, वरचं भरणं हूंशेठचं. लहानपणापासूनची जोडी. बोलायचं काम दोघांच्या वतीने सुतार करी. त्या दिवशी एक लठ्ठ गिऱ्हाईक नुकतंच भांडून गेलं होतं. त्याच्या सोफ्यातून आवाज येतो म्हणे. तो गेल्यावर सुतार अर्धवट भरलेल्या खुर्चीत ऐटीत बसला. बसताना तोंडाने कुईं केलं, उठताना कुईं केलं, आणि मग त्या गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाला, "हा आवाज माझा नाही हां, सोफ्याचाच आहे!"

हूंशेठ हसले. ते क्वचित हसत. हसताना श्वास आत ओढला गेला, आणि घशातून काहीतरी थंड खाली उतरलं.

त्यांनी उरलेले खिळे हातावर थुंकले आणि नुसते बघत राहिले.

"काय रे, काय झालं?" सुताराने विचारलं.

"हूं," हूंशेठ म्हणाले. रिकाम्या तोंडाने.

ज्या उस्तादाकडे ते हे काम शिकले त्याने एकदा सांगितलं होतं. आपल्या धंद्यात एखादा खिळा पोटात जायचाच. केळी खा, उकडलेले बटाटे खा, त्यात गुंडाळून बाहेर येतो. बोभाटा करायचा नाही. हूंशेठ बोभाटा करणाऱ्यांतले नव्हतेच. घरी जाताना त्यांनी डझनभर केळी घेतली. काकूंना वाटलं, स्वस्त मिळाली असतील.

दुसऱ्या दिवशीही केळी आली. तिसऱ्या दिवशी काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, माझी पिठाची चाळण पाहिलीत का?"

"हूं."

हा हूं काकूंना ओळखीचा वाटला नाही. त्या घरभर फिरल्या. चाळण संडासात बादलीच्या मागे उभी करून ठेवलेली सापडली. घासून लख्ख केलेली, फिनेलचा वास मारणारी.

"ही इथे काय करतेय?"

हूंशेठ दारात उभे. तोंडात एकही खिळा नाही. पळायला वाट नाही.

"खिळा गेलाय," ते म्हणाले.

"कुठे गेलाय?"

त्यांनी बेंबीवर बोट ठेवलं.

काकू कपडे धुवायच्या स्टुलावर मटकन बसल्या. मग त्या जे बोलत सुटल्या ते सगळं चाळणीबद्दल. किती चांगली चाळण होती. किती वर्षं जपली होती. आईने दिलेली. घरात दुसरं काही सापडलं नाही का. बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला, आणि मग त्या थांबल्या.

"सापडला का?"

"नाही."

"चपला घाला," काकू म्हणाल्या.

डॉक्टर तरुण होत्या. केस घट्ट बांधलेले, पायात कापडी बूट. त्यांनी पोट दाबून पाहिलं, फोटो काढायला लावला, आणि तो फोटो उजेडाच्या पेटीवर अडकवला. करड्या धुक्यात एक पांढरा खिळा. डोकं, दांडा, टोक. दुकानातला माल गर्दीतही ओळखावा तसा हूंशेठनी तो ओळखला.

"लहान आतड्यातून सुटलाय, हे फार बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या. बोटाने त्यांनी फोटोवर वाट दाखवली. "आता असा उजवीकडून वर चढेल. मग आडवा जाईल. मग डावीकडून खाली. इथे एक वळण आहे, आणि मग बाहेरचं दार. बहुतेक वेळा आपोआप पडतो. नेहमीचं जेवण जेवा. जुलाबाचं औषध अजिबात घेऊ नका. पोट जोरात दुखलं, ताप आला, रक्त दिसलं, तर तडक या. नाहीतर परवा फोटो."

"आणि नाही पडला तर?" काकूंनी विचारलं.

"तर खालून नळी घालून काढू. कापायची वेळ सहसा येत नाही."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द हूंशेठच्या कानात राहिला. कापायची.

त्यांच्या थोरल्या भावाचं पोट कापलं होतं. दुकान खरं दोघांनी मिळून काढलेलं. भावाचं आतडं कशाने तरी सडलं, डॉक्टरांनी कापून कमरेजवळ शौचासाठी पिशवी लावली. पुढे पिशवी निघाली, जखम भरली, पण भाऊ परत वाकला नाही. गादी भरायला दिवसभर वाकावं लागतं, गुडघ्याने स्प्रिंगा दाबून धराव्या लागतात, पोटाच्या जोरावर कापड ताणावं लागतं. भाऊ सकाळी दुकानात येई, खुर्चीत बसे, इतरांचं काम बघे. मग येईनासा झाला. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, आजाराने गेला. हूंशेठना माहीत होतं, तो रिकाम्या हातांनी गेला.

त्या संध्याकाळी ते दुकानात एकटे होते. फरशीवर सांडलेले खिळे गोळा करायला एक लोहचुंबक होतं. जुन्या लाऊडस्पीकरातून काढलेलं, बशीएवढं, दोरी बांधलेलं. ते फरशीवरून फिरवलं की कोपऱ्याकोपऱ्यातले खिळे टकाटका येऊन चिकटत. हूंशेठनी ते हातात घेतलं. तीस वर्षं खिळ्यांनी या चुंबकाचं ऐकलं होतं. पोटातला तेवढा का नाही ऐकणार?

त्यांनी गाद्यांखाली लावायच्या पट्टीचा एक तुकडा कापला, चुंबक पोटावर बांधलं आणि वरून शर्ट घातला. डॉक्टरांनी दाखवलेली वाट त्यांना पाठ झाली होती. आधी उजवीकडे वर. दुसऱ्या दिवशी आडवं. मग डावीकडे. वीतभर सरकवायचं, घट्ट आवळायचं, थांबायचं. ते हडकुळे. पोटाला मांस असं नव्हतंच. कधी कधी आत काहीतरी टोचल्यासारखं होई. ते स्वतःला समजावत, येतोय.

काकूंना सांगितलं नाही. सुतारालाही नाही. सुताराला सांगणं म्हणजे रस्त्यावर फलक लावणं.

पुढच्या फोटोत खिळा खरोखरच डावीकडे खाली, वळणाशी आलेला दिसला. डॉक्टर खूश झाल्या. काकूंनी दोन्ही हात छातीशी धरले. घरी जाताना हूंशेठ जरा ताठ चालत होते. आणलाच की नाही ओढून?

पंचाईत त्याच्या पुढे होती. वळणापासून दाराकडे चुंबक कसं न्यायचं? तिथे हाड लागत होतं. पाठीमागून बांधावं की पुढून, काही सुचेना. सोडलं तर खिळा परत वर जाईल अशी भीती वाटे. म्हणून त्यांनी चुंबक तिथेच ठेवलं. रात्रंदिवस. आणखी एक पीळ देऊन.

त्यानंतरच्या फोटोपाशी डॉक्टर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग जुना फोटो त्यांनी शेजारी लावला.

"त्याच जागी आहे," त्या म्हणाल्या. "त्याच कोनात. केसभर हललेला नाही. म्हणजे टोक भिंतीत रुतलंय." मग वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही काही केलं नाहीत ना? काही औषध, पोट चोळणं, काही?"

चुंबक तेव्हा काकूंच्या पिशवीत तळाशी होतं. फोटोआधी काढून हूंशेठनी ते टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं.

"हूं," ते म्हणाले.

त्यांना तिथेच दाखल करून घेतलं. दुपारी सर्जन आले. उंच, थकलेले, हात पुसत आले. त्यांनी बेंबीखाली बोट ठेवलं आणि खाली ओढलं. "इथून इथपर्यंत. आतड्याला भोक पडलं असेल तर तेवढा तुकडा काढू. मग काही महिने बाजूला पिशवी लागेल. उद्या सकाळी करून टाकू. थांबून उपयोग नाही."

"नळीने नाही का निघणार?" काकूंनी विचारलं. "या डॉक्टर म्हणाल्या होत्या..."

"रुतलेला खिळा नळीने ओढला आणि भिंत फाटली तर घाण पोटात पसरते, बाई. मग माणूस हाताला लागत नाही."

सर्जन गेले. काकू डबा आणायच्या निमित्ताने बाहेर गेल्या, कारण त्यांना हूंशेठसमोर रडायचं नव्हतं. हूंशेठनी चादर गळ्यापर्यंत ओढली, आणि काकू मागे ठेवून गेलेल्या पिशवीतून चुंबक काढून चादरीखाली पुन्हा बांधलं. आता त्यात डोकं नव्हतं, नुसती भीती होती. खिळा हातचा जाईल एवढंच कळत होतं.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांचं मूळव्याधीचं काही झालं होतं. बसता येत नव्हतं, म्हणून ते कुशीवर पडून सगळ्या वॉर्डाची वाहतूक बघत असत. त्यांनी मधल्या टेबलावरचा चमचा हूंशेठकडे सरकवला.

"पेज प्या थोडी. रात्रीपासून उपाशी ठेवतील."

हूंशेठ वाटी घ्यायला कुशीवर वळले. चमचा टेबलाच्या कडेवरून उडाला आणि टक्कन त्यांच्या चादरीला चिकटला. पोटापाशी. उभाच्या उभा.

ड्रायव्हरनी चमच्याकडे पाहिलं. मग हूंशेठकडे.

"अहो, तुमच्या पोटाला चमचा चिकटला."

"हूं."

"हूं काय? चमचा चिकटलाय!" त्यांनी मान उंचावली. "एवढासा खिळा गिळलात, की अख्खं दुकान?"

हूंशेठनी चमचा ओढून काढला. तो सुटताना त्यांच्या पोटाला जो हिसका बसला त्याने त्यांचा चेहरा कसनुसा झाला. ड्रायव्हरांचं हसू मावळलं. गाडी चालवण्यात जन्म गेलेल्या त्या माणसाला घाबरलेला माणूस ओळखू येत होता.

"काय बांधलंय?"

हूंशेठनी चादर बाजूला केली.

ड्रायव्हरनी चुंबक, पट्टी, गाठ, सगळं नीट पाहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे त्या डॉक्टरला माहीत आहे?"

मान हलली. नाही.

"घरच्यांना?"

नाही.

"अहो शेठ, एखाद्याचा पाय धरून ठेवलात आणि चाल म्हणालात, तर तो चालेल का? ते उद्या तुम्हाला फाडणार आहेत, तो हलत नाही म्हणून. आणि तो हलत नाही, कारण तुम्ही... जा. सांगा. नाहीतर मी ओरडतो, आणि माझा आवाज हॉर्नसारखा आहे."

हूंशेठ उठले. कॉरिडॉरच्या टोकाला डॉक्टरांची छोटी खोली होती. तिथपर्यंत जाताना त्यांच्या मनात सर्जनच्या बोटाने ओढलेली रेघ होती, भाऊ होता, आणि सगळ्यात जास्त लाज होती. हे ऐकून ही पोरगी हसेल. मग नर्सा हसतील. मग रस्ता. सुतार खुर्चीत बसून त्यांची नक्कल करेल, पोटाला बशी बांधून.

डॉक्टर उभ्याउभ्या चहा पीत होत्या.

"बोला काका."

ते बोलले. सुरुवातीला शब्द अडकले. मग एका दमात, मोडकंतोडकं, सगळं आलं. दोरी, पट्टी, उजवीकडून वर, आडवं, डावीकडे, दोन्ही फोटोंच्या वेळी काढून ठेवलेलं, आता पुन्हा बांधलेलं. भाऊसुद्धा आला, आणायचा नव्हता तरी. एवढं लांबलचक ते किती वर्षांत बोलले नव्हते.

डॉक्टर हसल्या नाहीत. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

"काढा. आत्ता. माझ्यासमोर."

चुंबक त्यांनी हातात घेतलं आणि शेजारच्या ट्रॉलीवर ठेवायला गेल्या, तर ते खण्णकन ट्रॉलीला जाऊन बसलं. त्या दचकल्या. हूंशेठच्या पोटावर चुंबकाच्या आकाराचा गोल काळानिळा वळ उठला होता.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही हूं म्हणालात. मला वाटलं, नाही म्हणताय." त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "खिळा रुतलाय म्हणून हलत नाही, की तुम्ही धरलाय म्हणून, यात फरक आहे. हे कळलं नसतं तर उद्या..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं आणि फोन उचलला.

दारात काकू डबा घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. हूंशेठनी मान खाली घातली. आता चाळणीसारखं ऐकावं लागणार, असं त्यांना वाटलं.  काकूंनी नुसता हात पुढे केला आणि त्यांच्या शर्टाची बटणं लावली. एक बटण चुकीच्या काजात गेलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी नवा फोटो काढला. खिळा फार सरकला नव्हता, पण कलला होता. डोकं मोकळं झालेलं, टोक अजून भिंतीत. सर्जन आणि डॉक्टर फोटोपाशी हलक्या आवाजात बोलत होते. शेवटी सर्जन म्हणाले, "एकदा बघा प्रयत्न करून. एकदाच. मी शेजारच्या खोलीत तयार राहतो. रक्त वाहू लागलं किंवा पोट फुगलं, तर लगेच माझ्याकडे."

डॉक्टर खाटेपाशी आल्या. "काका, गुंगीचं औषध अगदी थोडं देणार आहे. तुम्ही जागे राहाल. कुठे दुखतंय, किती दुखतंय, हे मला तुमच्या तोंडून कळायला हवं. स्पष्ट शब्दांत सांगायचं. हूं चालणार नाही."

"बरं," हूंशेठ म्हणाले.

एनिमा झाला. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, एवढंच की एनिमा देणारी मावशी त्या वेळी तिच्या नातवाच्या खोड्या सांगत होती, आणि तिने क्षणभरही त्यांच्याकडे लाज वाटेल असं पाहिलं नाही. मग अरुंद टेबल. डावी कूस, गुडघे पोटाशी. मागून उघडा झगा. खोली थंडगार. समोर भिंतीवर टीव्हीसारखा पडदा. डॉक्टर पाठीमागे, त्यांचा फक्त आवाज.

"आता थोडा दाब येईल. हवा भरतेय. पोट तडतडेल."

पडद्यावर एक गुलाबी, ओलसर भुयार उघडलं. वळ्यावळ्यांचं. हे आपलं आतलं, हे हूंशेठना पटेना. नळी पुढे सरकत होती, भुयार सरत होतं. कळ आली.

"दुखतंय," ते म्हणाले. "डावीकडे. खाली."

"किती?"

"सोसेल इतकं."

"छान. सांगत राहा."

भुयार वळलं, आणि समोर खिळा. मोठा, काळपट, चकाकणारा. डोकं भुयारात तरंगल्यासारखं, आणि टोक एका घडीत घुसलेलं. तिथे लाल, सुजलेलं.  रेक्झिनमध्ये खिळा जातो तेव्हा कापड असंच भोवती आत ओढलं जातं.

"सापडला," डॉक्टर कुणाला तरी म्हणाल्या. मग त्यांना, "खोकू नका. हलू नका."

खोकू नका म्हटल्याबरोबर घशात खवखव सुरू झाली. त्यांनी दात आवळले. पडद्यावर नळीच्या तोंडातून एक इवलासा चिमटा बाहेर आला, खिळ्याच्या डोक्यापाशी गेला, मिटला, आणि घसरला. पुन्हा गेला. पुन्हा घसरला. घडीतून लाल धागा उतरला.

"रक्त," नर्स म्हणाली.

"दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "थोडंच आहे. काका, काय होतंय?"

"टोचतंय. आत टोचतंय."

"खूप?"

खूप म्हटलं तर थांबतील, शेजारच्या खोलीत नेतील. थोडं म्हटलं आणि भिंत फाटत असली तर?  हूंशेठनी नीट आत लक्ष दिलं, जसं गादीवर तळवा ठेवून आतली स्प्रिंग चाचपावी तसं.

"आधी जास्त होतं," ते म्हणाले. "आता तेवढंच आहे. वाढत नाहीये."

"नक्की?"

"नक्की."

तिसऱ्यांदा चिमटा मिटला आणि घट्ट राहिला. आता ओढतील. पण डॉक्टरांनी ओढलं नाही, उलट आत ढकलायला लागल्या. पडद्यावर खिळा दूर जात होता, वर, भुयाराच्या अंधारात. हूंशेठच्या तोंडून आवाज फुटला, "अहो, आत चाललाय!"

"चालू दे. टोक सुटायला हवं."

टोक घडीतून अलगद बाहेर आलं. मागे एक लाल ठिपका राहिला. खिळा चिमट्यात हळूहळू फिरला, डोकं दाराकडे, टोक मागे. मऊ टोपीसारखं काहीतरी त्याच्यावर आलं आणि तो दिसेनासा झाला. मग भुयार उलटं धावू लागलं. वळण. सरळ वाट. एक मोठा दाब, एक लाजिरवाणा आवाज, आणि स्टीलच्या वाटीत टिण्.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टरांनी नळी पुन्हा आत घातली, लाल ठिपक्यापाशी बराच वेळ थांबल्या. पाण्याची पिचकारी मारली. पाहिलं. पुन्हा मारली.

"भोक आरपार दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण दिसत नाही म्हणजे नाहीच असं नव्हे. आज दिवसभर बघू."

म्हणून भीती संपली नाही. हूंशेठना पुन्हा वॉर्डात आणलं, पाणीसुद्धा बंद. सर्जननी शेजारची खोली संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती. डॉक्टरांनी काकूंना समजावलं. पोट लाकडासारखं कडक झालं, दुखणं वाढत गेलं, अंग तापलं, तर लगेच बोलवा. आत भरलेली हवा खालून सरली आणि पोट मऊ पडलं, तर समजा सुटलो.

काकूंनी खुर्ची ओढून घेतली आणि हूंशेठच्या पोटावर हात ठेवला. दर थोड्या वेळाने त्या दाबून बघत.

"कडक आहे का हो हे?"

"कळत नाही."

"सकाळी कसं होतं?"

"सकाळी कोण बघत होतं?"

"मग आता बघा." त्यांनी आधी स्वतःचं पोट दाबून पाहिलं, मग त्यांचं. "माझ्यापेक्षा कडक आहे."

"तुमच्यापेक्षा सगळ्यांचंच कडक असेल," ड्रायव्हर पलीकडून म्हणाले आणि लगेच, "माफ करा काकू," असंही म्हणाले.

काकूंना हसू आलं नाही. त्या कपाळाला हात लावून ताप बघत होत्या. आपलाच हात गरम आहे की कपाळ, हे त्यांना ठरवता येईना. सुतार दुपारी येऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प बसला. मी नक्कल केली नसती तर, एवढं म्हणून थांबला, आणि हूंशेठनी त्याचा हात थोपटला. जाताना तो खाटेच्या पायाला अडखळला.

पोट फुगलेलंच होतं. ताणलेल्या कापडासारखं तटतटलेलं. एक कळ यायची, डावीकडे चढायची, थांबायची. हूंशेठ प्रत्येक कळ काकूंना सांगत होते. आली. थांबली. आली. काकू त्यांच्या तोंडाकडे असं बघत होत्या जसं त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चार वाजायच्या सुमाराला एक कळ आली ती थांबलीच नाही. हूंशेठनी खाटेची कड धरली.

"डॉक्टरांना बोलावू?"

"थांब."

"बोलावते."

"थांब म्हणतो ना. काहीतरी..."

काकूंनी हात पोटावर तसाच ठेवला. हाताखाली आत काहीतरी गडगडत गेलं, डावीकडून खाली, लांबवर. हूंशेठनी डोळे मिटले. आणि मग तो आवाज आला. लांब, चढउतारांचा, सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल असा. समोरच्या खाटेवरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली घेतलं.

"सुटलात, शेठ!" ड्रायव्हर ओरडले. त्यांचा आवाज खरंच हॉर्नसारखा होता.

हूंशेठचे कान लाल झाले होते. काकूंनी पोट दाबलं. पुन्हा दाबलं, दोन्ही हातांनी, सगळीकडे. मऊ होतं. त्या खुर्चीवरून उठल्या, पदराने तोंड पुसलं, एकच चप्पल पायात सरकवली आणि कॉरिडॉरमधून डॉक्टरांच्या खोलीकडे धावत सुटल्या. डॉक्टर दारातच भेटल्या. काकू त्यांच्यासमोर धापा टाकत उभ्या राहिल्या, आणि ही बातमी कोणत्या शब्दांत सांगायची हे त्यांना सुचेना.